कंसातल्या ओळी आणि पडून राहिलेला एक अर्ज

आदरणीय बिशप साहेब,



आपण मला ओळखता. मागच्या भेटीत मंडळीच्या वतीने आपल्याला शाल मीच दिली होती, आणि उपासना आटोपल्यावर आपण आमच्या घरी चहाला आला होता. मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे संडे स्कूल घेतला. गेल्या दोन वर्षांत मी आपल्या कार्यालयाला तीन पत्रे पाठवली. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. म्हणून हे चौथे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहीत आहे.

विषय आपल्याला ठाऊक आहे. आमच्या मंडळीतली एक मुलगी ईश्वरविज्ञान शिकून, बी.डी. होऊन गावी परत आली. घरच्यांनी शेताचा तुकडा गहाण टाकून तिला शिकवले. ती आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जाते, तरुण संघ चालवते, पाळक साहेब परगावी गेले की उपासनेची सगळी तयारी करते आणि संदेशाची वेळ आली की खाली येऊन बाकावर बसते. तिने दीक्षेसाठी अर्ज केला त्याला पाच वर्षे झाली. अर्ज मंजूर झालेला नाही आणि नामंजूरही झालेला नाही. वार्षिक सभेत मी उभी राहून त्याबद्दल विचारले, तेव्हा आपण तीन शब्दांत उत्तर दिलेत: शास्त्र बदलत नाही. टाळ्या झाल्या. मी खाली बसले. त्या तीन शब्दांबद्दल मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

माझ्या कपाटात तीन शास्त्रे आहेत. पहिले माझ्या आजीचे. आजी बायबलबाई होती. पहाटे भाकरी बांधून घ्यायची आणि दोन-तीन गावे पायी करून संध्याकाळी परतायची. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याशेजारी बसून बायकांना वाचून दाखवायची. तिच्या आवडीची एक गोष्ट होती, योहानाच्या आठव्या अध्यायातली. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगडांनी मारायला लोक घेऊन येतात, येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहितो, आणि मग एकेक जण निघून जातो. आजी सांगायची की ही गोष्ट वाचून झाली की बायका काही वेळ बोलत नसत, मग कुणीतरी पाणी आणून द्यायची. आजीच्या प्रतीत ते पान सगळ्यात जास्त मळलेले आहे. त्याच्या कडेला तिच्या अंगठ्याचा तेलकट डाग अजून दिसतो.

तिसरे शास्त्र नवे आहे, माझ्या लेकीने दिलेले. त्यात आजीची ती गोष्ट कंसात आहे. खाली बारीक अक्षरांत टीप आहे की प्राचीन हस्तलिखितांत हा भाग सापडत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा वचनांनाही तसाच कंस आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पित्याबद्दल, शब्दाबद्दल आणि पवित्र आत्म्याबद्दल जे वाक्य जुन्या इंग्रजी बायबलमध्ये मी स्वतः वाचले होते, ते या प्रतीत नाहीच. संडे स्कूलमधल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने बोट ठेवून मला विचारले, ‘बाई, हे कंस कुणी घातले?’ मला सांगता आले नाही. मराठीची शिक्षिका म्हणून मी पोरांना पाठभेद म्हणजे काय हे ज्ञानेश्वरीच्या उदाहरणाने शिकवत आले. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे सांगताना माझा ऊर भरून यायचा. माझ्या स्वतःच्या शास्त्राबद्दल मात्र मी त्या मुलासमोर गप्प उभी राहिले.

त्यानंतर मी जे शिकले ते आपल्याला सांगण्याची गरज नाही, कारण आपण ते माझ्या कितीतरी आधी शिकला आहात. नव्या कराराच्या लेखकांच्या हातची एकही मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. सायनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठात मिळालेली आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली, अशा दोन मोठ्या ग्रीक प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. त्या दोन्हींत बाईची ती गोष्ट नाही, आणि दोन्हींत मार्काचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर, घाबरून पळालेल्या बायकांपाशी थांबते. पिता, शब्द आणि आत्मा यांचे ते वाक्य लॅटिन परंपरेतून ग्रीक पाठात शिरले. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. त्यावर गदारोळ झाला आणि १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने ते पुन्हा काढले. म्हणजे एक वाक्य आले, साडेतीनशे वर्षे राहिले आणि गेले. त्या साडेतीनशे वर्षांत कितीतरी पाळकांनी त्या वाक्यावर संदेश दिले असतील.

हे वाचून मी पहिल्यांदा घाबरले, हे कबूल करते. चार रात्री मला धड झोप लागली नाही. पण पुढे वाचत गेले तशी भीती ओसरली. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा जवळजवळ एक हजार वर्षांनी जुनी निघाली. शब्दलेखनाचे आणि बारीकसारीक फरक तीत पुष्कळ आहेत, तरी ग्रंथ तोच आहे. हजार वर्षे अनाम लेखनिकांनी दिव्याच्या उजेडात काय निष्ठेने काम केले असेल! त्यांच्या हातून चुकाही झाल्या, कुठे कुणी समासातली टीप मजकुरात घेतली, कुठे कुणी आवडती गोष्ट हरवू नये म्हणून घालून ठेवली. हे कळल्यावर माझ्या मनातले शास्त्र लहान झाले नाही. आजीची गोष्टही मी टाकली नाही. ती कंसात असो वा नसो, मी ती आजही मुलांना सांगते, आणि कंस का आहे तेही सांगते. मुले समजून घेतात. मग मोठ्यांना समजणार नाही, असे आपण कशावरून ठरवलेत?

आपण शब्द दिला होता. शास्त्राची नवी प्रत आमच्या पुलपीटवर ठेवली त्या रविवारी आपण स्वतः आला होता. जुन्या आणि नव्या मजकुरात काय फरक आहेत व का आहेत, हे साध्या मराठीत समजावणारी एक पुस्तिका तीन महिन्यांत छापू, असे आपण उपासनेत सांगितलेत. प्रत्येक तालुक्याला अभ्यासवर्ग घेऊ, असेही सांगितलेत. पुस्तिकेसाठी त्याच दिवशी वेगळे दान गोळा झाले. आमच्या वस्तीतल्या मोलकरणींनीही त्यात पैसे घातले. त्याला सहा वर्षे होतील. पुस्तिका आली नाही, अभ्यासवर्ग झाला नाही, त्या दानाचा हिशेबही ताळेबंदात वेगळा दिसत नाही. दरम्यान आमची तरुण मुले मोबाइलवर ऐकतात की तुमचे शास्त्र बदललेले आहे, भेसळीचे आहे. ती घरी येऊन आम्हाला विचारतात. दोन घरांतली मुले उपासनेला यायची थांबली आहेत. त्यांच्या आयांना मी काय सांगावे? त्यांच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे आहेत आणि ती आपल्याजवळ आहेत. ती दडवून ठेवण्याने कोणाचा विश्वास राखला गेला?

सभेत आपण आणखी एक गोष्ट केलीत. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातला इशारा आपण वाचून दाखवलात: या पुस्तकात भर घालणाऱ्यावर आणि त्यातून काही काढणाऱ्यावर काय येईल तो. मी तेव्हा बोलले नाही, कारण आपला मान राखायचा होता. आज बोलते. इरॅस्मसने १५१६ साली बाझेलमध्ये ग्रीक नवा करार छापला, तेव्हा प्रकटीकरणासाठी त्याच्याजवळ एकच ग्रीक हस्तलिखित होते, आणि त्याचे शेवटचे पान गहाळ होते. शेवटची सहा वचने त्याने लॅटिनवरून स्वतः ग्रीकमध्ये उलटवून घातली. भर घालू नका, काढू नका असे सांगणारी वचने त्याच सहांत आहेत. ग्रीक प्रती जिथे जीवनाच्या झाडाचा वाटा म्हणतात, तिथे त्याच्या छापील पाठात जीवनाच्या पुस्तकाचा वाटा आला, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही तसाच राहिला. यात इरॅस्मसची लबाडी नव्हती. त्याच्यापाशी होते त्यातून त्याने काम भागवले, आणि पुढच्यांनी अधिक जुन्या प्रती पाहून दुरुस्त केले. तो दुरुस्त करणारा माणूस इशाऱ्याचा भंग करत होता का? नव्हता, हे आपणही मान्य कराल. मग तोच इशारा आमच्या प्रश्नावर झाकण म्हणून का ठेवलात?

अक्षर बदलण्याची गोष्ट एक, अर्थ लावण्याची दुसरी. आपण म्हणाल, पाठभेद विद्वानांनी पाहावेत, पण जे लिहिले आहे ते लिहिल्याप्रमाणे पाळायचे. तर आपण काय काय लिहिल्याप्रमाणे पाळतो ते पाहू.

निर्गम, लेवीय आणि यहेज्केल यांत आपल्या गरीब बांधवाकडून व्याज घेण्याला मनाई आहे. मंडळीने शेकडो वर्षे ती सक्त अर्थाने पाळली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारले. पुढे व्यापार बदलला, पैशाचे स्वरूप बदलले. धर्मसुधारक कॅल्विनने त्या वचनांचा हेतू शोधला, गरिबाला नाडणे वेगळे आणि भांडवलावर माफक मोबदला घेणे वेगळे असे मांडले, आणि मंडळ्यांनी ते हळूहळू स्वीकारले. आज आपल्या धर्मप्रांताचा निधी बँकेत मुदत ठेवीत आहे. त्याच्या व्याजातून पाळकांचे पगार होतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण तो नवा अर्थ लावताना शास्त्र बदलत नाही असे कुणी म्हणून टाळ्या घेतल्या नाहीत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांसाठी ज्या मोजक्या गोष्टी ठेवल्या, त्यांत रक्त वर्ज्य करणे होते. आमच्याकडे बकरे कापले की रक्ती होते. पाळक साहेबांच्या घरीही होते. त्यावरून कुणाला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवल्याचे मी पाहिले नाही.

आणि जे शास्त्रवचन दाखवून त्या मुलीचा अर्ज दाबून ठेवला आहे, ते तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले. स्त्रीने शिकवू नये हे बारावे वचन. त्याच अध्यायाचे नववे वचन आपण पाहावे. तिथे बायकांना केसांच्या वेण्या, सोने, मोती आणि उंची वस्त्रे यांपासून दूर राहायला सांगितले आहे. मी माझ्या आयुष्यात शंभरावर ख्रिस्ती लग्ने पाहिली. प्रत्येक लग्नात पाळकांनी सोन्याचे मंगळसूत्र हातात घेऊन प्रार्थना केली आणि ते नवरीच्या गळ्यात बांधायला दिले. नवरीच्या वेणीत गजरा होता, अंगावर शालू होता. माझ्या लेकीच्या लग्नात त्या मंगळसूत्रावर आपण स्वतः आशीर्वाद मागितलात, आणि मला तेव्हा कृतार्थ वाटले होते. नववे वचन तीमथ्य ज्या इफिसमध्ये होता तिथल्या त्या काळच्या परिस्थितीपुरते होते, आपल्याकडे सोने ही बाईच्या सौभाग्याची आणि अडीनडीची ठेव आहे, असे आपण म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. मग तीन वचने पुढे गेल्यावर तीच परिस्थिती, तेच इफिस आणि तोच विचार कुठे जातो? नऊ आणि बारा यांच्या मधे अशी कोणती रेघ आहे, जी बायकांना दिसत नाही आणि पंच कमिटीला दिसते?

करिंथकरांस पहिल्या पत्रात बायकांनी मंडळीत गप्प राहावे, अशी दोन वचने चौदाव्या अध्यायात आहेत. काही प्राचीन प्रतींत ती दोन वचने अध्यायाच्या अगदी शेवटी आढळतात, म्हणून त्यांच्या जागेविषयी अभ्यासकांत वाद आहे. तो वाद बाजूला ठेवू. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोके कसे झाकावे हे सांगतो. ज्या बाईने बोलायचेच नाही, तिने बोलताना पदर घ्यायचा की नाही हे पौलाने कशाला सांगितले असते?

आता युनियाबद्दल. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगतो आणि प्रेषितांमध्ये त्यांची ख्याती असल्याचे लिहितो. युनिया हे रोमी बायकांचे नाव. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तम या ग्रीक उपदेशकाने, ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, या बाईला प्रेषित म्हणण्याइतकी तिची योग्यता होती असे सांगून तिची थोरवी गायली. पुढे पश्चिमेत तिला पुरुष समजले जाऊ लागले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ती युनियाच होती. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात ती युनियास झाली. आजची बहुतेक भाषांतरे जिच्या आधाराने होतात त्या नेस्लेच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ साली तिच्या नावावरचा स्वराघात बदलून ते पुरुषी करण्यात आले, आणि १९९८ मध्ये तो परत बायकी करण्यात आला. युनियास असे पुरुषाचे नाव त्या काळच्या एकाही शिलालेखात किंवा कागदात सापडलेले नाही, तरी त्या आवृत्तीत ती एकाहत्तर वर्षे पुरुष राहिली. का? बाई प्रेषित असणार नाही, एवढे आधी ठरलेले होते म्हणून. मराठीत तर ‘ते’ म्हटले की त्यात बाई आहे की नाही हे कळायलाही मार्ग नसतो. मी साठ वर्षे तो अध्याय ऐकत आले. सलामांची यादी म्हणून तो भरभर वाचला जातो. त्यात एक प्रेषित बाई उभी आहे, हे मला एकाही पुलपीटवरून कुणी सांगितले नाही. आपण हे पहिल्यांदा कधी वाचलेत, आणि त्यानंतर किती रविवार गेले?

फीबीचेही तसेच. त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात तिला लावलेला ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’ आहे. तोच शब्द पुरुषांना लागतो तेव्हा इंग्रजीत त्याचा डीकन होतो, हुद्दा होतो. फीबीला लागला तेव्हा जुन्या इंग्रजीत त्याची नुसती सेविका झाली. पौलाने एकच शब्द लिहिला होता, त्याचे दोन अर्थ भाषांतरकारांनी केले. आपल्या सभेतल्या टाळ्यांच्या आवाजात मला तो शब्द आठवत होता.

माझ्या कपाटातले दुसरे शास्त्र पंडिता रमाबाईंचे. पाच एप्रिलला त्यांच्या स्मृतिदिनी आपण दरवर्षी पत्रक काढता. त्यांचा फोटो आपल्या कार्यालयाच्या दालनात आहे. त्याच्याच खाली मी दोन तास आपल्या भेटीसाठी बसले होते. रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळे शास्त्र साध्या मराठीत आणले. खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून जड संस्कृत शब्द बाजूला केले. खिळे जुळवायला मुक्तीच्या मुली होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, १९२४ मध्ये ते भाषांतर छापून बाहेर आले. भाषांतर म्हणजे प्रत्येक शब्दापाशी अर्थ ठरवणे. सोळाशे सोळा साली फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले, तोही एक अर्थनिर्णय होता. रमाबाईंनी असे शब्द नाकारले, तोही होता. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत प्रत्येक वचनाचा अर्थ एका बाईने लावला, आणि तो आपण अभिमानाने मिरवतो. त्याच वचनांपैकी एकावर वीस मिनिटे बोलायला मात्र बाईला पुलपीट मिळत नाही. हे आपल्याला खटकत नाही का?

रमाबाईंना हे भोगावे लागलेच होते. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी मुलग्यांना शिकवावे असे ठरत होते, तेव्हा लाहोर आणि मुंबई इथल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानी लोकांत त्यांची पत जाईल, असे कारण दिले. रमाबाई तर कलकत्त्यात शास्त्री-पंडितांच्या सभा गाजवून तिकडे गेल्या होत्या. ही गोष्ट १८८४ ची. त्या बिशपांची नावे आज कोणाला सांगता येतील?

अर्थ बदलायला वेळ लागतो तेव्हा किंमत कोण मोजते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. १८६९ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि शिवाय त्याची क्रूरता, किंवा त्याने टाकून देणे, असे काहीतरी जोडीला सिद्ध करावे लागे. नुसत्या मारहाणीवर तिची सुटका नव्हती. माझ्या मावशीचा हात दोनदा मोडला होता. ती तेव्हाच्या पाळकांकडे गेली, त्यांनी मत्तयाचा एकोणिसावा अध्याय उघडून दाखवला आणि तिला परत पाठवले. त्याच विषयावर मार्काने जे लिहिले आहे त्यात मत्तयातला अपवादसुद्धा नाही, म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीही प्रभूचा शब्द आपापल्या मंडळीच्या गरजेप्रमाणे समजून घेतला होता, हे तिला कुणी सांगितले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये त्या कलमातला अन्याय दूर केला, संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. मावशी १९९३ मध्येच गेली. आज कुणी मार खाणारी बाई आली तर पाळक तिला वकिलाचा पत्ता देतात. मत्तयाचा अध्याय तोच आहे. बिशप साहेब, मावशीला आठ वर्षे आधी तोच पत्ता द्यायला शास्त्राची कोणती अडचण होती?

आपली एक भीती मी समजू शकते. अर्थ बदलता येतो म्हटले की कुणीही उठून काहीही अर्थ काढेल. ही भीती खरी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १९७४ साली अहवाल काढून वंशांच्या वेगळेपणाला शास्त्राचा आधार दिला, बाबेलच्या बुरुजाची गोष्ट त्यासाठी वापरली. गुलाम बाळगणाऱ्या अमेरिकन पाळकांपाशीही वचनांची कमतरता नव्हती. म्हणजे अक्षर न बदलताही शास्त्र वाकवता येते. पण ते सरळ कोणी केले तेही पाहावे. त्याच दक्षिण आफ्रिकेत, वर्णामुळे वेगळ्या बसवलेल्या मंडळीने १९८२ साली बेलहारला जमून कबुलीजबाब लिहिला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. तेच शास्त्र, तीच पाने. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांनी ते वाचले तेव्हा त्यातला समेट दिसला. आपल्याकडे हे वेगळे सांगायला हवे का? आमचे पणजोबा ज्या वस्तीतून आले, तिथल्या माणसाला पोथीला हात लावू देत नसत. त्यांच्या हातात पुस्तक देताना मिशनऱ्यांनी सांगितले होते की हे तुझे आहे, वाच. वाच म्हटल्यावर तो अर्थ लावणारच, त्याची लेकही लावणारच.

म्हणून मी आपल्याकडे मोकळीक मागत नाही, रीत मागते. ती रीत शास्त्रातच आहे. सुंता न झालेल्यांना मंडळीत घ्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या प्रश्नापेक्षा फार मोठा होता. उत्पत्तीत सुंतेचा करार सर्वकाळचा म्हटलेला आहे, आणि मोशेचे नियमशास्त्रही सुंतेच्याच बाजूने होते. यरुशलेमच्या वडिलांना शास्त्र बदलत नाही असे म्हणून उठता आले असते. ते उठले नाहीत. त्यांनी सभा भरवली, वाद होऊ दिला. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी परराष्ट्रीयांत काय घडले ते सांगितले, सगळ्यांनी गप्प बसून ऐकले. याकोबाने संदेष्ट्यांची वचने पुढे ठेवली. मग निर्णय झाला, आणि तो त्यांनी लिहून काढला.

आमच्या बाबतीत सभा झाली ती अकरा मिनिटांची. ज्या मुलीचा अर्ज होता, तिला बोलावलेच नव्हते. ती बाहेर मुलांच्या खाऊची पाकिटे भरत होती. निर्णयाचा कागद नाही, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच आहे.

मला आपल्याकडून चार गोष्टी लेखी हव्या आहेत. पुस्तिकेसाठी जमलेले दान कुठे आहे आणि पुस्तिका कधी येणार. अभ्यासवर्ग कोणत्या तारखांना होणार. त्या मुलीचा अर्ज नामंजूर करायचा असेल तर कोणत्या वचनाच्या आधारे, त्या वचनाचा कोणता अर्थ घेऊन आणि त्याच अध्यायातल्या बाकीच्या वचनांना तो अर्थ का लागू नाही. आणि तो निर्णय कोणी घेतला, त्या सर्वांची नावे आणि सह्या.

ती मुलगी आता तेहतीस वर्षांची आहे. तिच्या वडिलांनी जमीन सोडवलेली नाही. येत्या रविवारी पाळक साहेब नाहीत, म्हणजे तयारी तीच करेल आणि संदेशाला खाली येऊन माझ्या शेजारी बसेल.

यरुशलेमहून निघालेले पत्र अंत्युखियाला पोचले तेव्हा सगळी मंडळी जमवून ते वाचून दाखवले होते. आपले पत्र आले की मीही ते उपासनेनंतर वाचून दाखवीन, उत्तर काहीही असले तरी.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक सभासद आणि एका बायबलबाईची नात